माउलींना कोपर्निकसचं सर्टिफिकेट कशाला? सीमाभागातल्या पारायण मंडळांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या सर्व पारायण मंडळांचे अध्यक्ष, व्यासपीठ चालक आणि कीर्तनकार महाराज मंडळी,

सप्रेम रामकृष्णहरी.

यंदाच्या पारायणांत एकच गोष्ट गावोगावच्या मंडपांत, वेगवेगळ्या महाराजांच्या तोंडून ऐकली, म्हणून हे पत्र लिहायला बसले. गोष्ट अशी की, सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी फिरते हे कोपर्निकसने १५४३ मध्ये सांगितलं, पण आमच्या माउलींनी ते शके १२१२ मध्येच, म्हणजे अडीचशे वर्षं आधी सांगून ठेवलंय. मग ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली ती ओवी येते, ‘न चालता सूर्याचे चालणे’. मृदंगावर थाप पडते, मंडप टाळ्या वाजवतो. त्यामागोमाग जिनिव्हाच्या प्रयोगशाळेतला नटराज येतो, गॉड पार्टिकल येतो आणि शेवटी निकाल लागतो: विज्ञानाने देव मान्य केला!

माझी सगळी नोकरी बेळगावातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेली. आणि लग्न होऊन या गावात आल्यापासून पारायणाला बसते. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे दोन्हीकडच्यांना चार शब्द ऐकवायचा हक्क आहे असं समजते.

म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील. विश्व कसं घडत गेलं हे सांगायचं काम विज्ञान करतं. अर्धवट करतं, चुकत-माकत करतं, पण करतं. ‘देवाने केलं’ हे त्या अर्थाने स्पष्टीकरणच नव्हे. आणि ज्यांची श्रद्धा खरोखर भक्कम होती, त्यांनी देवाला या कामाला जुंपलंही नाही.

आधी ओवीचं बघू. चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा विचार चाललाय. सगळं करूनही काही न केल्यासारखा राहणारा माणूस कसा ओळखायचा, हा प्रश्न आहे. त्यासाठी माउली दाखले देतात. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात. नीट बघितलं की कळतं, झाडं जागच्या जागीच आहेत. मग सूर्य येतो. तो उगवतो, मावळतो असं दिसतं, पण चालत नाही. तसाच तो माणूस, कर्मात असून कर्माबाहेर. विषय माणसाचा आहे. सूर्य दाखल्यापुरता आलाय.

आणि दाखला कुणी अनोळखी गोष्टीचा देत नाही. नावेचा हाच दाखला आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिला होता, तोही पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगताना: नावेतून पुढे जाणाऱ्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. पुढे ब्रह्मगुप्ताने त्याला विरोध केला. म्हणजे माउलींच्या आधी कितीतरी शतकं आपल्याकडे हा वाद रंगलेला होता. शिवाय पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं वेगळं आणि सूर्याभोवती फिरणं वेगळं. कोपर्निकसची मोठी कामगिरी दुसऱ्यात आहे. ओवी ताणून ताणून लावली तरी पहिल्यालाच लागते. हे सगळं बाजूला सारून आपण ‘आम्ही आधी, आम्ही आधी’ म्हणत टाळ्या घेतो आणि ओवी ज्यासाठी सांगितली ते राहूनच जातं.

आमच्या पारायणात माझ्या शेजारी एक आक्का बसतात. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोट ओवीखालून सरकत असतं, ओठ हलत असतात. वाचन थांबलं की पोथी फडक्यात गुंडाळायची आणि थेट चुलवणापाशी, गावजेवणाची आमटी ढवळायला. धुराने डोळे चुरचुरतात, कुणी मीठ जास्त झालं म्हणतं, कुणी कमी. आक्का ऐकतात आणि ढवळत राहतात. त्या ओवीवर प्रवचन करायचं तर महाराजांनी तिकडे बघावं. कोपर्निकसच्या पोलंडपर्यंत जायचं कारण नाही.

नटराज आणि गॉड पार्टिकलचं लवकर उरकते. जिनिव्हाच्या त्या प्रयोगशाळेतली, म्हणजे सर्नमधली, ती नटराजाची मूर्ती भारत सरकारने भेट दिली, २००४ मध्ये ती तिथे बसवली. आपण दिलेली भेट त्यांनी ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. हिग्ज बोसॉन सापडल्याचं ४ जुलै २०१२ ला जाहीर झालं. त्याला ‘गॉड पार्टिकल’ म्हणायला लागले ते लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या एका पुस्तकाच्या नावावरून. त्या कणाचा देवाशी तेवढाच संबंध. बोसॉनमधले बोस मात्र आपले सत्येंद्रनाथ बोस, हे सांगून महाराजांनी टाळ्या घ्यायला माझी हरकत नाही.

आता विज्ञान स्पष्टीकरण देतं म्हणजे नेमकं काय करतं, ते सांगते. त्यासाठी जमखंडीपर्यंत जाऊन आलं तरी पुरे.

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या या मुलखावरून गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीत दुर्बीण लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. जमखंडी तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. सूर्य पुरता झाकला गेला की कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्यांचा प्रकाश लोलकातून फोडायचा आणि त्यात दिसणाऱ्या रेषांवरून पदार्थ ओळखायचा, एवढ्यासाठी ही सगळी यातायात. हर्शेलला तीन ठळक रेषा दिसल्या. एक लाल, एक नारिंगी, एक निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमची धरली.

त्याला मी नावं ठेवणार नाही. लॅबमध्ये सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर उजळतो, थोडा वेळ गेला की पिवळाधमक होतो. स्पेक्ट्रोमीटरमधून बघायला पहिल्या वर्षाच्या मुलांना बसवलं की ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘मॅडम, एकच रेघ आहे.’ फट बारीक करत न्यायची, फोकस साधायचा, श्वास धरून बघायचं, मग त्या एका रेघेच्या दोन होतात: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सूर्याच्या ज्वाळांतली ती रेषा होती ५८७.६ वर. ग्रहणाच्या त्या चार-पाच मिनिटांच्या धांदलीत हा फरक कुणाच्या ध्यानात येणार? त्याच दिवशी गुंटूरला बसलेल्या जान्सेन या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं की या रेषा इतक्या ठळक आहेत, की ग्रहण नसतानाही बघता येतील. तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियरनेही तीच युक्ती साधली, सावकाश मोजलं आणि ही रेषा सोडियमची नाही हे पक्कं झालं. पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या पदार्थाची ती नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला नाव पडलं हेलियम. पुढे १८९५ मध्ये रॅम्झीला तोच वायू युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला सापडला.

इथे गोष्ट संपत नाही. मोजता मोजता कळलं की विश्वातल्या साध्या पदार्थाचा जवळजवळ चौथा हिस्सा, वजनाने, हेलियम आहे. ताऱ्यांच्या पोटात हेलियम बनतो खरा, पण एवढा बनायला तारे पुरत नाहीत. मग हा आला कुठून? १९४० च्या दशकात गॅमो, आल्फर आणि हरमन यांनी गणित मांडलं: विश्व कधीकाळी अतिशय दाट आणि तापलेलं असेल, तर पहिल्या काही मिनिटांतच एवढा हेलियम तयार होईल. आणि तसं असेल तर त्या धगीची उरलीसुरली ऊब आजही सगळ्या आभाळभर असली पाहिजे, शून्याखाली दोनशे सत्तर अंशांच्या आसपासची. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर यायला लागली. कुठल्याही दिशेला तोंड केलं तरी तेवढीच. आत कबुतरांनी घाण केली होती, ती धुतली, कबुतरं हाकलली, खरखर जाईना. ती तीच ऊब होती.

एवढं लांबण का लावलं? तर त्या गणिताने मान पुढे केली होती. खरखर सापडली नसती, हेलियम चौथ्या हिश्श्याऐवजी दहावा निघाला असता, तर मान गेली असती. स्पष्टीकरण मी याला म्हणते. ‘देवाने केलं’ या वाक्यात असं काय आहे, जे मोजल्यावर खोटं ठरू शकेल? हेलियम चौथाई निघाला तरी देवाने केला, दहावा निघाला तरी देवानेच. कशानेही न हलणारं वाक्य मनाला धीर देऊ शकतं. पण त्यावरून हेलियम किती, हे काढता येत नाही.

आता विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला सुरुवात असावी, हे मांडणाऱ्यांत आघाडीवर कोण? जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचा कॅथलिक पाद्री. १९२७ मध्ये त्याने प्रसरणाचं गणित दिलं, १९३१ मध्ये सगळं एका आद्य अणूतून निघालं असावं असं मांडलं. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनमध्ये भाषण केलं, त्याचा सूर असा की बघा, विज्ञानालाही आता निर्मितीचा क्षण सापडला. लमेत्रला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो नाराज झाला. माझा सिद्धांत धर्माच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही बोलत नाही, अशी त्याची भूमिका होती. ज्याच्या गळ्यात क्रूस तोच सांगतोय की माझ्या गणिताने देव सिद्ध करू नका. आपल्या मंडपात असा एखादा वारकरी उभा राहिला तर त्याला आपण नास्तिक म्हणून खाली बसवू.

दुसऱ्या टोकाला आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. ते आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांना विश्वाची सुरुवात मान्यच नव्हती. ‘बिग बँग’ हे नाव हॉईल यांनीच बीबीसी रेडिओवर १९४९ मध्ये वापरलं. सुरुवात म्हटली की तिच्यामागून निर्मात्याचा वास येतो, ही त्यांची एक अडचण होती. १९६४ ची ती खरखर त्यांच्या सिद्धांताला जड गेली. तरी नारळीकर हटले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर सुधारून नवी मांडणी केली. महास्फोटाबद्दल शेवटपर्यंत साशंक राहिले, २० मे २०२५ ला गेले. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही. पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनी उभी केली, २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि त्यांच्या मोठेपणाकडे बघून पुरावाही वाकला नाही. पाद्र्याच्या सिद्धांताला बळ मिळालं ते अँटेनातून. पाद्र्याच्या देवाने साक्ष दिली म्हणून नव्हे आणि हॉईल नास्तिक होते म्हणूनही नव्हे.

आपल्या भागात कुठलाही विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, ‘तू कुठल्या बाजूचा?’ त्याला कारणं आहेत, १९५६ पासूनची, ती मला कुणी सांगायला नकोत. पण ती खोड आपण इथेही आणलीय. महास्फोट मानणारा आस्तिक का नास्तिक? लमेत्र आणि हॉईल बघितले की या प्रश्नाचं काय होतं ते कळतं.

काल्याच्या कीर्तनात हमखास येणारा दुसरा मुद्दा मंडपाचा. ‘हा मंडप आपोआप उभा राहिला का? कुणी तरी घातला ना? मग एवढं आभाळ घालणारा कुणी नसेल का?’ ऐकायला बिनतोड. पण यावर आठशे वर्षांपूर्वीच आपल्याच एका माणसाने बोट ठेवलंय. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. (भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड, ते म्हणजे विजापूर असं इकडचे म्हणतात, चाळीसगावजवळचं पाटण असं तिकडचे. त्यांनाही सीमाप्रश्न चुकला नाही.) पृथ्वीला शेषाने, कासवाने किंवा आणखी कुणी तोलून धरलंय, या कल्पनेवर ते विचारतात: धरणाऱ्याला कोण धरतो? त्यालाही दुसरा हवा, त्याला तिसरा, याला अंत नाही. शेवटी कुठे तरी थांबून म्हणावं लागणार की हा स्वतःच्या शक्तीवर उभा आहे. मग ते शेवटच्याबद्दल म्हणण्यापेक्षा पहिल्याबद्दलच, पृथ्वीबद्दलच का म्हणू नये?

पृथ्वीच्या जागी विश्व ठेवा, शेषाच्या जागी निर्माता ठेवा. मंडपाचा दृष्टान्त तिथेच कोसळतो.

आणि हे लिहिणारा माणूस कोण? ‘लीलावती’च्या आरंभी गणपतीला वंदन करणारा. गणपतीला नमस्कार केला आणि मग गणित गणितासारखं केलं. पृथ्वी तोलायला गणपतीला उभं केलं नाही.

न्यूटनने मात्र ते केलं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे कालांतराने घडी विस्कटेल आणि देवाला मधूनमधून ती नीट करावी लागेल असं तो म्हणाला. शंभर वर्षांच्या आत लाप्लासने गुरू आणि शनीचं गणित सोडवून दाखवलं, की जो बिघाड वाढत चाललाय असं वाटतं तो दीर्घ काळाने उलटा फिरतो. झालं, देवाचं ते काम गेलं. अडलेल्या गणितात देवाला नेमलं की गणित सुटेपर्यंतच त्याची नोकरी. विठोबाला असल्या हंगामी नोकरीवर ठेवायची आपल्याला काय हौस?

आता दुसऱ्या बाजूला. मागे एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते तरुण, अभ्यासू, बोलणं धारदार. म्हणाले, विश्व शून्यातून आपोआप झालं हे भौतिकशास्त्राने सिद्ध केलंय, देवाचा विषय संपला. टाळ्या! मला तर कीर्तनातच बसल्यासारखं वाटलं. ज्या ‘शून्या’तून कण उपजतात असं भौतिकशास्त्र म्हणतं, त्यात क्षेत्रं असतात, ऊर्जा असते, नियम असतात. भाडेकरू गेलेलं घर म्हणजे काही मोकळं रान नव्हे. अगदी पहिल्या क्षणाकडे जाऊ लागलं की आइनस्टाइनची समीकरणं उत्तर द्यायचं थांबवतात. त्याच्याही मागे काय, यावर मांडण्या पुष्कळ आहेत, पण निकाल एकीचाही लागलेला नाही. १,३८० कोटी वर्षांचा हिशेब जुळतो हे खरं. पण त्याच हिशेबात विश्वाचा सुमारे ९५ टक्के भाग कृष्णद्रव्य आणि कृष्णऊर्जा या नावांखाली मांडलाय, आणि ती नेमकी काय आहेत हे अजून उलगडलेलं नाही. वहीत एवढी उधारी असताना ‘विषय संपला’ म्हणणारा वक्ता आणि ‘विज्ञानाने देव मान्य केला’ म्हणणारे महाराज, दोघं गुरुबंधूच.

राहता राहिला तो प्रश्न: मुळात काही आहेच का? हे नियम असेच का? माझ्या समजुतीप्रमाणे याचं उत्तर कुणाच्याच खिशात नाही. ‘देव आहे म्हणून’ म्हटलं की भास्कराचार्य उभे राहतात. ‘आहे ते असंच आहे’ म्हटलं की हातात काही पडत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की जो वर बसून हे सगळं बघतो त्याला ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. वेदात एवढी मोकळीक आहे आणि आपल्याला प्रवचनानंतर एक प्रश्न चालत नाही.

हे उगीच म्हणत नाही. यंदा एका गावात (गावाचं नाव लिहीत नाही) इंजिनिअरिंगला असलेल्या एका पोराने महाराजांना विचारलं, ‘महास्फोटाच्या आधी देव कुठं होता?’ महाराज हसले, ‘बाळा, चार बुकं शिकलास म्हणून माउलींना शिकवणार काय?’ मंडप हसला. पोरगं कानापर्यंत लाल. हाच पोरगा रात्री दोन ते चार वीणा धरून उभा असतो. त्याच्या वयाची बाकीची पोरं त्या वेळी मोबाईल उशाला घेऊन झोपलेली असतात. चहाच्या वेळी माझ्याकडे आला. ‘मावशी, खरं मग देवानं केलं काय?’

मी म्हटलं, मला ठाऊक नाही, आणि तू वीणा खाली ठेवू नकोस.

त्याला मी आणखी काय सांगायला हवं होतं? दोन ते चार उभं राहण्यात त्याला जे मिळतं ते हेलियमच्या टक्केवारीने वाढत नाही, कमीही होत नाही. आमच्या गावात तरणा मुलगा गेलेले एक गृहस्थ रोज हरिपाठाला येऊन खांबाला टेकून बसतात. विश्व कसं झालं हे जाणून घ्यायला ते येत नाहीत. संतांनी देवाला हाका मारल्या, त्याच्याशी भांडले, रुसले, त्याला कानडाही म्हणाले. विश्वाच्या उत्पत्तीचा जाब देणारा साक्षीदार म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं केल्याचं मला तरी गाथेत कुठे दिसत नाही. ही श्रद्धा कुठल्या स्पष्टीकरणावर उभीच नव्हती, तर स्पष्टीकरण बदलल्याने ती पडायची कशी? पडते ती महाराजांनी दिलेल्या खोट्या टेकूवरची. पोरगा कॉलेजात जातो, नेटवर बघतो, नटराजाची गोष्ट फुसकी निघते. मग त्याला वाटतं, बाकीचंही तसलंच असणार.

आपल्याकडे हे दोन्ही नीट सांभाळणारी माणसं होती. नरगुंदला जन्मलेले, बागलकोटच्या बाजूला आयुष्य काढलेले व्यंकटेश बापूजी केतकर घ्या. जुन्या ग्रंथांवरून काढलेली पंचांगातली ग्रहणं आणि आभाळात दिसणारी ग्रहणं जुळेनात, तेव्हा त्यांनी ग्रंथ पवित्र आहेत म्हणून आभाळ चुकलं असं म्हटलं नाही. युरोपातली नवी गणितं घेतली आणि पंचांगासाठी नवे संस्कृत ग्रंथच लिहिले. १९११ मध्ये तर फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असं मांडलं आणि त्यांना नावं सुचवली ब्रह्मा आणि विष्णू. प्लूटो १९३० मध्ये सापडला तो त्यांच्या गणितावरून नव्हे, हेही सांगायला हवं. पण नावं देवांची आणि आकडेमोड कागदावरची, यात त्यांची कुठे गल्लत झाली नाही.

७ सप्टेंबर २०२५ ला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध म्हणून कितीतरी घरांत चूल बंद. रात्री अकराच्या पुढे चंद्र तांबडा झाला तेव्हा तीच माणसं गच्चीवर. पंचांगात छापलेली वेळ आणि शास्त्रज्ञांनी दिलेली वेळ एकच, कारण गणित एकच. वेध पाळायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी जेवले होते, सासूबाई जेवल्या नव्हत्या, आणि गच्चीवर दोघी शेजारी उभ्या होतो.

तर माझी मागणी. पुढच्या पारायणात महाराजांना बोलावताना एवढं सांगा की विज्ञानाचा दाखला द्यायचा असेल तर खुशाल द्या, पण तो कुठून घेतला हेही सांगा, आणि प्रवचन संपल्यावर पंधरा मिनिटं प्रश्नांना ठेवा. पोरांनी विचारलं तर हसू नका. महाराजांना उत्तर ठाऊक नसेल तर तसं म्हणावं. त्याने व्यासपीठाची उंची कमी होत नाही.

आणि सात रात्रींतली एक रात्र मला द्या. कीर्तन संपल्यावर, जागर सुरू होण्याआधी एक तास मंडपातले सगळे दिवे बंद. चंद्र उशिरा उगवणार असेल अशी रात्र निवडू. माघात त्या वेळी मृग माथ्यावरून नुकता कललेला असतो. त्याच्या पोटाखाली जो धुरकट ठिपका दिसतो तिथे आज, आत्ता, नवे तारे जन्मतायत. काळोख पडता पडता आलात तर पश्चिमेकडे देवयानी ही दीर्घिका दाखवते. तिचा उजेड निघाला तेव्हा माणूस नावाचा प्राणी धड झालेला नव्हता, पंचवीस लाख वर्षं झाली त्याला. बेळगावच्या बाजूचं आभाळ आता रात्रभर उजळलेलं असतं, त्यामुळे शहरालगतच्या गावांत दुर्बीण लागेल, ती मी आणते. जांबोटी-कणकुंबीकडच्या मंडळांना तीही नको, नुसती मान वर केली तरी पुष्कळ दिसतं. बघताना कुणी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हटलं तर म्हणू द्या, कुणी ‘किती लांब आहे’ विचारलं तर मी सांगेन.

मानधन नको, चहा पाजा. फक्त मंडपवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हॅलोजनचं बटण त्याच्या पोराकडे असतं आणि कीर्तन संपेपर्यंत तो गादीच्या ढिगावर गाढ झोपलेला असतो.

आपली,
पारायणात तुमच्याच ओळीत बसणारी एक वाचक